कोळंबी-माकुलाचं हलकं सॅलड घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासळी म्हटली की आपल्याकडे कालवण आणि तळलेली तुकडी. सॅलड म्हटलं की मेयोनीजमध्ये बुडवलेलं, फ्रिजमधून काढलेलं गारढोण काहीतरी आठवतं. म्हणून ‘मासळीचं हलकं सॅलड’ ही डाएटवाल्यांची शिक्षा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर कोळंबी, माकूल (स्क्विड), तिसऱ्या (शिंपल्या), खेकडे यांच्यात चरबी जवळपास नसतेच. ती येते ती आपण वरून जे ओततो त्यातून. तेव्हा कमी चरबीचं सॅलड म्हणजे मासळीची चव वजा करणं नव्हे. ती झाकणारं जे आहे तेवढं वजा करायचं. खालची सगळी प्रमाणं तीन माणसांसाठी आहेत.

सॅलडसाठी कोणती मासळी घ्यावी?

पहिल्यांदा करत असाल तर मध्यम आकाराची कोळंबी आणि नळ माकूल, एवढंच घ्या. दोन्ही झटपट शिजतात, काट्यांची भानगड नाही आणि थंड झाल्यावरही चव टिकते. तिसऱ्या मिळाल्या तर मूठभर घाला, त्यांचा खारट रस सॅलडला वेगळीच खुमारी आणतो. खेकड्याचं मांस चवीला सगळ्यात सरस, पण नांग्या फोडून ते काढायला वेळ लागतो. सुट्टीच्या दिवशी करण्यासारखं काम.

माशांमध्ये रावस किंवा सुरमईचा घट्ट तुकडा चालतो. बोंबील नको, तो इतका पाणीदार असतो की सॅलडमध्ये त्याचा लगदा होतो. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांच्यातली चरबी चांगलीच असते आणि ते जरूर खावेत, पण गरम गरम. थंड झाल्यावर त्यांचा वास उग्र होतो आणि काकडी-लिंबाशी तो जमत नाही.

बाजारात ताजी कोळंबी आणि माकूल कसं ओळखायचं?

कोळंबीचं डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं. हलकेच ओढल्यावर सुटून हातात आलं, डोक्याशी काळपटपणा दिसला किंवा टरफल चिकट लागलं, तर पुढच्या पाटीकडे जा. वास समुद्राचा यावा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. तो वास धुऊन जात नाही आणि सॅलडमध्ये त्याला झाकायला मसाला नसतो.

ताज्या माकुलाच्या सालीवर जांभळट-तपकिरी ठिपके स्पष्ट दिसतात आणि आतलं मांस पांढरं, किंचित पारदर्शक असतं. मांसच गुलाबी पडलं असेल तर माल शिळा. ओळखीच्या मावशी असतील तर साफ करून मागा: साल, शाईची पिशवी आणि आतली प्लास्टिकसारखी पारदर्शक काडी, तिन्ही निघाल्या पाहिजेत. घरी आल्यावर नळीत बोट घालून एकदा खात्री करा, काडीचा तुकडा आत राहून जातो.

तिसऱ्या जिवंतच हव्यात. तोंड उघडं असलेली तिसरी टिचकी मारल्यावर मिटली नाही तर ती टाकून द्या. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवल्या की वाळू सोडतात.

नेमकं प्रमाण आणि कृती काय?

अर्धा किलो अख्खी कोळंबी घ्या. डोकं-टरफल काढल्यावर जवळपास निम्मी, म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास उरते. साफ केलेलं माकूल २०० ग्रॅम. एक काकडी, एक लहान कांदा, एक घट्ट टोमॅटो, मूठभर कोथिंबीर, एक हिरवी मिरची, अर्धा इंच आलं, एक रसाळ लिंबू आणि एक चहाचा चमचा तेल.

कोळंबीच्या पाठीला चीर देऊन काळा दोरा काढा. धुऊन, निथळून तिला पाव चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा चोळा आणि पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग पुन्हा नीट धुवा. सोड्याने कोळंबी शिजल्यावर कुरकुरीत लागते. नेहमीच्या सवयीने हळद लावू नका, सगळं सॅलड पिवळं होतं.

मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी उकळा, मोठा चमचाभर मीठ, दोन काळी मिरी आणि लिंबाची पिळलेली साल टाका. खळखळून उकळी आली की आच मंद करा आणि कोळंबी सोडा. दोन मिनिटांत ती झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात. पाणी पुन्हा उकळू द्या, माकुलाच्या बोटभर रुंद रिंगा सोडा आणि मिनिटभरात बाहेर काढा. बर्फाच्या पाण्यात दोन्ही एखादं मिनिटच ठेवायचं. जास्त वेळ राहिलं की चव पाण्यात उतरते. मग स्वच्छ सुती कापडावर पसरून कोरडं करा.

कांदा पातळ उभा चिरून लिंबाच्या अर्ध्या रसात दहा मिनिटं ठेवा, त्याचा उग्रपणा जातो. आलं-मिरची बारीक ठेचून उरलेल्या रसात आणि तेलात मिसळा. बाकी सगळं एकत्र करणं ताट मांडताना.

एका वाटणीत किती चरबी आणि किती कॅलरी?

वरच्या प्रमाणात तिघांत वाटलं तर प्रत्येकी साधारण १६० ते १७० कॅलरी, २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि फक्त ३ ग्रॅमच्या आसपास चरबी. यातली जवळजवळ निम्मी चरबी त्या एका चमचा तेलाची आहे. याच सॅलडात चार मोठे चमचे नेहमीचं मेयोनीज घातलं तर चरबी एकदम ४० ग्रॅमने वाढते. मासळी तीच, भाजी तीच.

कोळंबी रबरासारखी का होते?

जास्त शिजते म्हणून, दुसरं कारण नाही. कालवणात कोळंबी दहा मिनिटं रटरटली तरी रस्सा तिला सांभाळून घेतो, सॅलडमध्ये लपायला जागा नाही. शिजताना तिच्याकडे बघत राहा. करडी, काचेसारखी कोळंबी आधी कडेने पांढरी-गुलाबी होते, मग रंग मध्याकडे सरकतो. पाठीच्या चिरेत सगळ्यात जाड जागी पाहिलं आणि काचेसारखा भाग उरला नसेल तर ती झाली. अर्धगोल वाकलेली कोळंबी नेमकी शिजलेली असते. शेपटी पुढच्या टोकाला टेकून पूर्ण वेटोळं झालं म्हणजे वेळ टळली. आकार लहान-मोठा असेल तर मोठ्या आधी टाका, लहान अर्ध्या मिनिटाने.

माकुलाचं गणित याहून विचित्र आहे. मिनिट-दीड मिनिटात ते लुसलुशीत असतं, त्यानंतर चामड्यासारखं होतं आणि पुन्हा मऊ व्हायला पाऊण तास शिजवावं लागतं, कारण त्याच्यातले चिवट धागे विरघळायला तेवढा वेळ घेतात. सॅलडसाठी मिनिटभर, सुक्यासाठी पाऊण तास, मधलं काही नाही.

तेल अजिबात घातलं नाही तर?

चालेल, पण मी सांगेन की तो एक चमचा ठेवा. आलं, मिरची, कोथिंबीर यांचा स्वाद तेलात पसरतो आणि ड्रेसिंग कोळंबीला धरून राहतं. नुसता लिंबाचा रस घसरून ताटाच्या तळाशी जातो. टोमॅटो-गाजरातली काही पोषक द्रव्यंही थोड्या तेलाबरोबरच अंगी लागतात. घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल घ्या, एका चमच्यात वास जाणवतो. मात्र बाटलीतून अंदाजाने ओतू नका. मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, चहाचा चमचा म्हणजे ४०.

ओल्या खोबऱ्याचंही असंच. त्यात तिसरा हिस्सा चरबी असते, पण वरून भुरभुरवलेल्या एका चमच्याने काही बिघडत नाही. नारळाच्या दुधाचं ड्रेसिंग मात्र ‘हलकं’ या नावाखाली खपवू नका.

मेयोनीजची चव आवडते. त्याला घरगुती पर्याय आहे का?

आहे आणि तो आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातलाच आहे: फेसलेली मोहरी. दोन चमचे मोहरीची डाळ थोड्या गार पाण्यात भिजवून पाट्यावर किंवा छोट्या खलात वाटा. वाटताना पाणी थेंब थेंब घाला. सुरुवातीला ती कडवट, मातकट लागते. वाटत राहिलं, फेटत राहिलं की रंग फिकट होतो, फेस धरतो आणि एका क्षणी झणका थेट नाकात चढतो. तिथे थांबायचं.

यात दोन गोष्टी सांभाळा. पाणी गारच हवं आणि लिंबू किंवा व्हिनेगर सुरुवातीला घालायचं नाही. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातल्या एन्झाइममुळे तो जन्मतो. उष्णता किंवा आंबटपणा आधीच आला तर ती क्रिया तिथेच मंदावते आणि मोहरी मिळमिळीत राहते. फेसून झाल्यावर पाच मिनिटं थांबा, मग आंबट घाला.

आता टोन्ड दुधाचं दही दोन तास टांगून त्याचा वाटीभर चक्का करा. टोन्ड दुधात ३ टक्के चरबी असते, डबल टोन्डमध्ये दीड, कोणतंही चालेल. चक्का, एक चमचा फेसलेली मोहरी, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं लिंबू एकत्र घोटा. घट्ट, झणझणीत, मासळीला लेपून बसणारं ड्रेसिंग तयार होतं. खेकड्याच्या मांसाबरोबर तर हेच घ्यावं.

पण मासळीबरोबर दही खाऊ नये ना?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आयुर्वेदात दूध आणि मासे यांना विरुद्ध आहार म्हटलंय आणि अनेक घरांत तोच नियम दह्यालाही लावतात. दुसरीकडे बंगालमध्ये दही घालून माशाचं कालवण पिढ्यान् पिढ्या होत आलंय आणि आपल्याकडेही माशाला दही चोळून मुरवणारे कमी नाहीत. मासे-दही एकत्र खाल्ल्याने अंगावर कोड येतं हे मात्र खरं नाही. कोड हा रोगप्रतिकारशक्तीशी निगडित विकार आहे, ताटातल्या जोडीशी त्याचा संबंध नाही.

घरात कुणाला पटत नसेल तर जेवताना वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी पुढचं ड्रेसिंग करा.

दह्याशिवाय, तेलाशिवाय काही?

कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला दाट रस. दोन चहाचे चमचे आगळ, दोन मोठे चमचे शहाळ्याचं पाणी, ठेचलेली एक लसूण पाकळी, बारीक चिरलेली मिरची, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सुपारीच्या निम्म्याएवढा गूळ. सोलकढीची सगळी चव येते आणि नारळाच्या दुधाची चरबी टळते. आगळात भरपूर मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ चाखल्याशिवाय घालू नका. कोळंबीवर लालसर छटा चढते, ती फार देखणी दिसते.

सॅलडला पाणी सुटून सगळं पाणचट होतं. काय करावं?

पाणी तीन ठिकाणांहून येतं: काकडी, टोमॅटो आणि नीट न निथळलेली मासळी. काकडीच्या मधल्या बिया चमच्याने खरवडून काढा, फोडींना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी हाताने दाबून पिळा. कोशिंबिरीला चोचवलेली काकडी घेतो तशी इथे घ्यायची नाही, फोडी मोठ्या हव्यात. टोमॅटोचा गर काढून फक्त साल आणि जाड भाग घ्या. मासळी कापडावर कोरडी करा, हे वर सांगितलंच आहे आणि बहुतेक जण तीच पायरी गाळतात. मीठ आणि आंबट अगदी शेवटी, वाढण्याआधी पाच मिनिटं.

लिंबाच्या रसात मुरवलेली मासळी कच्ची खाता येते का?

दक्षिण अमेरिकेत, विशेषतः पेरूमध्ये, सेविचे नावाचा तसा पदार्थ आहे. लिंबाच्या आम्लाने मासळी पांढरी आणि घट्ट होते, दिसायला शिजल्यासारखीच. पण जंतू आणि परजीवी आम्लाने भरवशाने मरत नाहीत, त्याला उष्णताच लागते. मासळी आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापली पाहिजे. आपल्याकडे बोटीपासून घरापर्यंत बर्फाची साखळी कुठे तुटली असेल ते कळत नाही. शिजवूनच खा. तिसऱ्या आणि कालवं तर कच्ची नकोतच, ती पाणी गाळून जगतात आणि पाण्यातली घाण अंगात साठवतात.

कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं म्हणतात. मग हे सॅलड हृदयाला चांगलं कसं?

असतं. १०० ग्रॅम कोळंबीत साधारण १५० ते १९० मिलिग्रॅम, माकुलात त्याहून जास्त. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेकांच्या बाबतीत खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं आणि कोळंबीत ती नगण्य असते. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांत रोजच्या ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा पुढे चालू ठेवली नाही, तीही याच विचाराने. तरी ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे किंवा मधुमेह आहे, त्यांनी किती आणि कितीदा खायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

फ्रोझन कोळंबी चालेल का?

चालते. बाजार दूर असेल किंवा परदेशात राहत असाल तर शिळ्या ‘ताज्या’पेक्षा चांगली फ्रोझन बरी. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात अर्धा तास. ओट्यावर उघडी ठेवून वितळवू नका आणि एकदा वितळली की पुन्हा गोठवू नका. पाकिटातल्या कोळंबीवर बर्फाचा थर असतो, त्यामुळे वजन थोडं जास्त धरून घ्या. गुलाबी दिसणारी असेल तर ती आधीच शिजवलेली आहे: फक्त वितळवून, कोरडी करून वापरायची. तिला पुन्हा उकळलं की रबर झालंच.

क्रॅब स्टिक म्हणजे खेकडाच ना?

नाही. ती सुरिमीपासून करतात, म्हणजे धुतलेल्या पांढऱ्या माशाच्या लगद्यापासून; त्यात स्टार्च, साखर, मीठ, अंड्याचं पांढरं आणि स्वाद मिसळतात. आपल्या किनाऱ्यावरचा राणी मासा या लगद्यासाठी मोठ्या प्रमाणात जातो. चरबी कमी असते हे खरं, पण प्रथिनं कोळंबीपेक्षा बरीच कमी आणि मीठ जास्त. शिवाय चवीला गोडूस. मला ती या सॅलडात नको वाटते.

जून-जुलैमध्ये मासळी मिळत नाही. तेव्हा काय?

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीच्या पैदाशीचा तो काळ आहे. बंदी नीट पाळली तरच पुढे ताटात मासळी येणार, तेव्हा या दोन महिन्यांत समुद्राच्या कोळंबीचा हट्ट नको. तळ्यातली व्हेनामी कोळंबी वर्षभर मिळते. तिची चव समुद्राच्या कोळंबीइतकी गोडसर नाही, म्हणून आलं-मिरची थोडी वाढवा.

पण पावसाळ्याचं खरं सॅलड सुक्या मासळीचं आहे. गोव्यात त्याला किसमूर म्हणतात, कोकणात घरोघरी जवळ्याची कोशिंबीर करतात. वाटीभर सुका जवळा निवडा, चाळणीत हलवून वाळू आणि भुसा काढा. जाड तव्यावर मंद आचेवर कोरडाच भाजा. सुरुवातीला घरभर वास सुटतो, तिथे घाबरून गॅस बंद करू नका. पाच-सात मिनिटांत तो वास खमंग होतो आणि जवळा बोटांत चुरला तर कुरकुरीत आवाज येतो. गार झाल्यावर बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, दोन चमचे ओलं खोबरं, कोथिंबीर आणि कोकमाचं पाणी किंवा चिंचेचा कोळ घालून लगेच ताटात घ्या. दहा मिनिटं थांबलात तर जवळा मऊ पडतो. तेल थेंबभरही लागत नाही. जवळ्यात मीठ असतंच, रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावं.

ऑफिसच्या डब्यात नेता येईल का? किती टिकतं?

शिजवलेली मासळी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. मे महिन्याच्या उकाड्यात, पारा ३२ च्या वर असताना, एकच तास. लोकलच्या प्रवासात हा वेळ सहज संपतो. तेव्हा बर्फाची पिशवी असलेला डबा आणि पोहोचल्यावर ऑफिसचा फ्रिज, दोन्ही असतील तरच न्या. ड्रेसिंग वेगळ्या डबीत. घरच्या फ्रिजमध्ये न कालवलेली कोळंबी दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते, कालवलेलं सॅलड त्याच जेवणात संपवा.

कुणी खाऊ नये?

कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी असलेल्यांनी अजिबात नाही. ज्या प्रथिनामुळे ती होते ते शिजवून नष्ट होत नाही, त्यामुळे ‘नीट उकळलंय, थोडं खा’ असा आग्रह कधीही करू नका. एकाच पाण्यात रावस उकळला असेल तर तोही त्यांना देऊ नका. पाहुणे असतील तर आधी विचारा. युरिक ॲसिडचा त्रास असेल तर प्रमाण कमी ठेवा. गरोदर बायकांना नीट शिजवलेली कोळंबी आणि माकूल चालतं, त्यांत पारा कमी असतो. मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे टाळावेत.

कोळंबीची डोकी आणि टरफलं टाकून द्यायची का?

टाकू नका. धुऊन कोरड्या पातेल्यात रंग लाल होईपर्यंत परता, लिटरभर पाणी, दोन मिरी, कोथिंबिरीचे देठ घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. हे पाणी जवळजवळ बिनचरबीचं आणि चवीला भरपूर. कोळंबी उकळायला साध्या पाण्याऐवजी हेच वापरलं तर सॅलडची चव दुप्पट खुलते, म्हणून वेळ असेल तेव्हा टरफलांपासूनच सुरुवात करा. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. पुढच्या वेळी भात शिजवताना चार खडे टाकता येतात.